पाझराचा हिशेब मांडणारा इंजिनिअर

आमच्या वसईत वाडीवाडीत बावखल असतं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि विहिरी गोड राहतात. त्यामुळे मातीच्या कालव्यातून पाझरणारं पाणी म्हणजे निव्वळ नुकसान, उपाय काँक्रीटचं अस्तरीकरण, असं सरांनी वर्गात शिकवलं तेव्हा मला काही ते पटेना. माझा रूम पार्टनर नीरा डाव्या कालव्याकाठचा. त्याच्या घरची विहीर कालव्याच्या पाझरावर जगते. पण मामाचं शेत टेलला, तिथे पाणी पोचतच नाही. मग खरं कुणाचं?

उत्तर शोधायला लायब्ररीत गेलो, आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या भेटले.

जन्म 1861 चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत बेंगळुरूला बी.ए. केलं आणि शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला आले. 1883 मध्ये पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. म्हणजे त्यांच्या नोकरीची सुरुवात आपल्याच मातीत झाली!

पुढे ते पुणे भागातल्या कालव्यांवर आले. नीरा कालव्याकाठी लोक उसाला मनमुराद पाणी देत. काळ्या जमिनीत ते मुरून मुरून शेतं पाणथळ होत, क्षार वर येत, आणि पुढची गावं मात्र कोरडी. विश्वेश्वरय्यांनी 1899 च्या सुमारास ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक जमिनीचा एक ब्लॉक, त्यात साधारण एक तृतीयांश ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. कालवा तोच, पाणी तेच. पण ते जास्त गावांना पुरायचं आणि जमीनही वाचायची. ज्यांना आधीच भरपूर मिळत होतं त्यांना हे रुचलं नाही, पण पद्धत रुजली.

1903 मध्ये त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी त्यांनी अडलं. पूर आला की दरवाजे आपोआप उघडत, ओसरला की मिटत. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. कृष्णराजसागर, म्हैसूरची दिवाणगिरी, 1955 मध्ये भारतरत्न. 1962 मध्ये, शंभरी पार करून ते गेले.

मला यातून एवढं कळलं, की वाया गेलेलं पाणी नेमकं जातं कुठे, हे त्यांनी शेतात जाऊन बघितलं. ते विहिरीत जातंय की शेत नासवतंय, यावर सगळं अवलंबून. आजही अस्तरीकरणाचं काम निघालं की कालव्याकाठची माणसं विहिरी आटतील म्हणून विरोध करतात आणि टेलवाले पाण्याची वाट बघत बसतात. खरे दोघंही आहेत. म्हणून उद्या तुमच्या-माझ्या हातात असं काम आलं, तर काँक्रीट ओतण्याआधी काठावरच्या विहिरींची पातळी मोजू आणि टेलला पोचणारं पाणीही मोजू.

15 सप्टेंबरला, इंजिनिअर्स डेला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. यंदा घालताना मला आमचं बावखलही आठवेल आणि पार्टनरच्या मामाचं कोरडं शेतही.