संगीतविद्येचे अभ्यासक पंडित विष्णु नारायण भातखंडे

मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे काम भगिनींनी माझ्याकडे सोपविले. पैठण म्हटले की नाथमहाराज आधी आठवतात; परंतु त्यांचे चरित्र आपल्या सर्वांच्या ओठांवरच आहे. म्हणून ज्यांनी माझ्या शिक्षणाची वाट घालून दिली, त्या पंडित भातखंडे यांच्याविषयी लिहावयाचे मी ठरविले.

मी संगीत हा विषय घेऊन पदवी घेतली. मैफल गाजविण्याजोगा गळा नसेल तर अशी पदवी घेऊन काय करावयाचे, गाण्याचा इतिहास आणि गाण्याची समीक्षा या काय वहीत लिहून परीक्षा देण्याच्या गोष्टी आहेत, असे मला तेव्हाही विचारीत आणि आजही विचारतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर या चरित्रात आहे असे मला वाटते.

विष्णुपंतांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. तो गोकुळाष्टमीचा दिवस होता. शिक्षण चालू असतानाच त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे धडे घेतले. 1884 साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. ही संस्था पारशी मंडळींनी काढलेली. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांना ध्रुपदांची तालीम मिळाली आणि नामांकित उस्तादांचे गाणे जवळून ऐकावयास मिळाले. 1885 साली ते बी. ए. झाले, 1887 साली वकिलीची परीक्षा उतरले. काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. मैफलीचे गवई होण्याचा त्यांचा विचार नव्हता. गाणे कसे बांधले आहे, ते असेच का, आणि पूर्वी ते कसे होते, हे जाणून घेण्याची त्यांची ओढ होती.

मग घरावर आघात झाले. 1900 साली पत्नी निवर्तली आणि 1903 साली एकुलती कन्याही गेली. अशा दुःखात माणूस खचून जातो किंवा तीर्थयात्रेस निघतो. विष्णुपंतही यात्रेस निघाले, पण ती विद्येची यात्रा होती. पुढे वकिलीही सुटली आणि सारा जन्म याच कामी लागला.

1904 साली ते दक्षिणेत गेले. तेथील पंडितांना भेटून त्यांनी व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची पद्धती समजावून घेतली व जुन्या पोथ्या मिळविल्या. पुढील प्रवासांत कलकत्ता, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर अशी शहरे त्यांनी पालथी घातली. निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा आपले पैठणही होते, हैदराबादेस त्यांनी आप्पा तुळशी या विद्वानांची गाठ घेतली. जेथे जात तेथे दोन कामे करीत. एक, ग्रंथालयांत बसून पोथ्या उतरून घेणे. दुसरे, उस्तादांकडून चिजा मिळविणे. घराण्याची चीज म्हणजे घरचा दागिना. ती परक्याला कोण देणार? तरी जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वजीर खाँ अशांकडून त्यांनी विद्या मिळविली.

एक गोष्ट आपल्या भागाशी निगडित आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. सारे पंडित त्याचे नाव आदराने घेत. विष्णुपंत मात्र विचारीत, की यातला एखादा राग आज कसा गावा हे कोणी दाखवील काय? समाधानकारक उत्तर फारसे कोठे मिळाले नाही. तेव्हा त्यांनी स्पष्टच लिहिले, की ग्रंथ थोर असला तरी आजचे गाणे त्यावरून चालत नाही. शास्त्र बांधावयाचे ते प्रत्यक्ष प्रचारातल्या गाण्यावरून बांधले पाहिजे. समीक्षा म्हणतात ती हीच. आदर ठेवावा, पण प्रश्न गिळू नये.

‘चतुर पंडित’ या नावाने त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांचा मोठा ग्रंथ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मात्र आपल्या मराठीत आहे. त्याचे चार भाग, आणि मांडणी अशी की शिष्य विचारतो व गुरू सांगतो. पुढे तो हिंदीत गेला आणि उत्तरेतही वाचला गेला. रागांची त्यांनी दहा थाटांत वर्गवारी केली. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या. ही लिपी घरातल्या मुलीलाही समजेल इतकी सोपी आहे. खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, वरच्याला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. गुरूच्या दारी वर्षानुवर्षे राहणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या हाती, त्यात आपण स्त्रियाही आल्या, निदान गाण्याचा सांगाडा तरी आला.

1916 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्याच खटपटीने. 1918 साली ग्वाल्हेरीस संगीत विद्यालय निघाले आणि 1926 साली लखनौस मॉरिस कॉलेज. शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते पुढे सांभाळले. तेच विद्यालय पुढे भातखंड्यांच्या नावाने वाढले आणि 2022 साली राज्य विद्यापीठ झाले.

त्यांच्याच शिकवणुकीप्रमाणे त्यांनाही प्रश्न विचारले पाहिजेत. दहा थाटांत सारे राग बसत नाहीत. पटदीप आणि अहीरभैरव कोठे ठेवावेत हे विद्यार्थ्यांना आजही कोडे पडते. लिपीत मींड आणि गळ्याचा लगाव पुरता उतरत नाही. आणि ज्या उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्याविषयी ते कधी कधी फार कठोर लिहून गेले. त्यांना शास्त्र येत नाही म्हणून दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही. पण हे दोष आपण दाखवू शकतो, याचे कारण त्यांनी सारे लिहून समोर ठेवले. जे लिहिलेच नाही ते तपासता येत नाही.

1933 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, सातवाहनांच्या काळी हाल राजाच्या नावे गाथासप्तशतीचे संकलन झाले. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे हेच आपले पैठण. त्या गाथांत बायकांचे बोल किती आहेत! शब्द राहिले, पण त्या कोणत्या चालीवर म्हणत, हे आज कोणी सांगू शकत नाही. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या, हळदीची आणि डोहाळ्यांची गाणी, गल्लोगल्लीची भारुडे यांची तीच गत होऊ घातली आहे. जाती केव्हाच थांबली, आणि ज्यांना चाली येतात त्या ऐंशीच्या घरात आहेत. भातखंड्यांनी दरबारचे गाणे लिहिले. हे गाणे लिहावयाचे राहिले आहे. त्यासाठी गोड गळा लागत नाही. लक्षपूर्वक कान, विचारण्याचे धाडस आणि एक वही लागते. येत्या वर्षी मंडळाने हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. चाली लिहून घेण्याचे काम मी करीन. आज्यांना घेऊन येण्याचे तुम्ही करा.