कापसाच्या शेतातून सरकारी तिजोरीपर्यंत

मेरी मॅक्लाउड बेथ्यून हे नाव आपल्याकडे फारसे कानावर येत नाही. अमेरिकेत शाळा काढणाऱ्या बाई म्हणून त्यांची ओळख आहे. मला मात्र त्या अधिक मोठ्या वाटतात, त्या सरकारी तिजोरीतला आपल्या मुलांचा वाटा मागून घेणाऱ्या बाई म्हणून.

साउथ कॅरोलिना राज्यातल्या मेजव्हिल गावाजवळ १० जुलै १८७५ रोजी मेरीचा जन्म झाला. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या १७ मुलांतली ही १५ वी. कापूस वेचण्यातच बालपण जायचे. पण गावात मिशनची शाळा निघाली. मेरी रोज काही मैल चालत शाळेत जाई आणि शिकलेले घरच्यांना शिकवी. पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. दूर डेन्व्हर शहरात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी एका मुलीचा खर्च उचलायचे ठरवले होते. निवड मेरीची झाली.

पण कापूस वेचत राहिलेल्या इतर मुलींचे काय? मला वाटते, मेरीचे पुढचे सारे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

१९०४ साली फ्लोरिडातल्या डेटोना इथे बेथ्यूनबाईंनी मुलींची शाळा उघडली. हाताशी दीड डॉलर आणि मुली ५. खोक्यांची बाके केली. रताळ्याचे गोड पाय करून विकले, धनिकांचे उंबरे झिजवले. त्याच शाळेचे पुढे कॉलेज झाले.

दात्याच्या मर्जीवर किती मुले शिकणार? महामंदीने तर घरेच्या घरे उघडी पाडली. १९३५ साली रूझवेल्ट सरकारने राष्ट्रीय युवक प्रशासन स्थापन केले. शाळा-कॉलेजात थोडे काम करणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना त्यातून दरमहा मदत मिळे; शाळकरी मुलाला जास्तीत जास्त ६ डॉलर. १९३६ पासून तिथला कृष्णवर्णीयांचा विभाग बेथ्यूनबाईंकडे आला. वाटप गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिले, तर आपली मुले रांगेत मागेच राहतील, हे त्या जाणून होत्या. म्हणून राज्याराज्यांत कृष्णवर्णीय अधिकारी नेमण्याचा त्यांनी आग्रह धरला. उच्च शिक्षणासाठी खास निधीही मिळवला. त्या काळी दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे या मुलांना बंदच होती. या निधीतून १९४३ पर्यंत सुमारे ६ लाख डॉलर ४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोचले. एका बाईंच्या शिवणकामातून एक मुलगी शिकली होती. सरकारी पैशातून हजारो शिकले.

मला इथे आपले जोतिराव फुले आठवतात. १८७३ साली त्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले होते. रयतेच्या घामातून आलेला महसूल रयतेच्याच मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. बेथ्यूनबाईंची मागणी याहून वेगळी नव्हती. कर भरणाऱ्याची मुले तिजोरीपुढे याचक म्हणून उभी राहत नाहीत.

१९४३ साली अमेरिकी काँग्रेसने त्या योजनेचा पैसा थांबवला. सरकारी मदत अशी एका मतदानात बंदही होऊ शकते, म्हणून ती मिळवली तशी राखावीही लागते. बेथ्यूनबाई १८ मे १९५५ रोजी गेल्या. २०२२ साली वॉशिंग्टनच्या संसद भवनात फ्लोरिडाच्या वतीने त्यांचा पुतळा उभा राहिला. तिथे आधी गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेतल्या एका सेनापतीचा पुतळा होता.