हाडांचे वैद्य अँड्र्यू टेलर स्टिल

खांदा धरला आणि हात वर जाईना, की घरातली वडील माणसे कोमट तेल घेऊन चोळायला बसतात. हाताने दुखणे हलके होते हा अनुभव जुनाच आहे. त्या अनुभवाला शास्त्राची बैठक देण्यासाठी उभे आयुष्य वेचणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म ६ ऑगस्ट १८२८ रोजी व्हर्जिनिया राज्यात झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि वैद्यही होते. त्यांच्याच हाताखाली मुलगा वैद्यकी शिकला. लहानपणी एकदा डोके फार दुखत असता त्याने झोक्याची दोरी जमिनीलगत आणली, तिच्यावर मान टेकून तो झोपी गेला आणि उठला तेव्हा दुखणे गेले होते. ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत.

स्टिल गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने उभे राहिले. युद्ध चालू असतानाच, १८६४ साली, मेनिन्जायटिसने त्यांच्या घरातील तीन मुले नेली. बाप स्वतः वैद्य, आणखी डॉक्टरही बोलावले होते. पण कोणाचेच काही चालले नाही. पारा आणि अफू ही त्या काळची नेहमीची औषधे. त्यांवरचा स्टिल यांचा विश्वास उडाला तो कायमचा.

मग त्यांनी मानवी हाडांचा अभ्यास आरंभला. त्यासाठी मूळ रहिवाशांची थडगीही उकरली. हे कृत्य आज कोणालाही रुचणार नाही. शरीराची घडण नीट असेल, रक्त मोकळे वाहत असेल, तर शरीर स्वतःच रोग हटवते, असे त्यांचे मत बनले. २२ जून १८७४ हा दिवस ते आपल्या नव्या शास्त्राचा जन्मदिन मानीत. हाड आणि पीडा या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्याला ऑस्टिओपॅथी हे नाव दिले.

लोकांनी मात्र त्यांना वेड्यात काढले. बेकर विद्यापीठाच्या उभारणीला त्यांच्या घरच्यांनी हातभार लावला होता, पण तिथेही त्यांना आपले विचार मांडू दिले नाहीत. गावोगाव हाडे बसवीत ते हिंडले. अखेर मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल गावी जम बसला आणि दूरदूरचे रुग्ण रेल्वेने येऊ लागले. १८९२ साली तिथे त्यांनी शाळा काढली. पहिल्याच वर्गात स्त्रियांना प्रवेश दिला, हे त्या काळी धाडसच होते. १२ डिसेंबर १९१७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते वारले.

त्यांच्या पंथातील स्पेन्सर पद्धत आजही आखडलेल्या खांद्यासाठी वापरतात. रुग्णाला चांगल्या कुशीवर निजवून, दुखऱ्या बाजूचे खांद्याचे पाते एका हाताने स्थिर धरतात आणि दंड पुढे, मागे, गोल, बाहेर असा हळूहळू फिरवतात. अशा उपचाराला रोजच्या व्यायामाची जोड मिळाली तर काहींना आराम पडतो. पण मणका बसवला की सारे रोग जातात, हा त्यांचा दावा टिकला नाही. मानेला जोराचा झटका देण्यात तर क्वचित रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो. आणि डाव्या खांद्याबरोबर छातीही भरून आली, तर चोळत न बसता थेट इस्पितळ गाठावे.

ज्या दुखण्याने त्यांची मुले गेली, त्यावर आज लस आहे, औषधे आहेत. ज्या औषधांकडे स्टिल यांनी पाठ फिरवली, त्यांतच पुढे उपाय सापडला. त्यांच्या शाळेचे वारसही आता औषधे शिकतात आणि अमेरिकेत पूर्ण डॉक्टर मानले जातात. तरीही रुग्णाला हात लावून, नीट तपासून मग बोलावे, ही त्यांची शिकवण आम्हाला मोलाची वाटते. औषध आणि हात यांचे वैर नाही, एवढेच त्या दुःखी बापाला कळायचे राहिले.