वि. स. पागे आणि हक्काचे काम

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर म्हणून एक रक्कम दरमहा वजा होते. बहुतेकांच्या बाबतीत ती २०० रुपये असते. फेब्रुवारीत मात्र ३०० होते, कारण वर्षाची गोळाबेरीज २५०० रुपयांवर नेऊन थांबवायची असते आणि त्याहून अधिक हा कर घेण्यास राज्यघटनेची मनाई आहे. प्राप्तिकराविषयी शिक्षकांच्या खोलीत तासन् तास चर्चा रंगते. ह्या कराकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. १९७५ साली तो बसविण्यात आला तो खेड्यातील मजुराला मागेल तेव्हा काम देण्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून, आणि त्या कल्पनेमागे ज्यांची चिकाटी होती ते गृहस्थ म्हणजे विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म १९१० सालचा, सांगलीकडचा. गांधीजींच्या विचाराने स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढल्या गेलेल्या पिढीतले ते एक. संतवाङ्मयाचा त्यांचा अभ्यास होता आणि राहणीही त्याला शोभेल अशीच होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी ते विधानपरिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. वरिष्ठ सभागृह म्हणजे राजकारणाच्या आडरस्त्यावरचे विश्रामगृह, अशी थट्टा त्या काळीही होत असे. शिक्षकांनी आणि पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य तिथे बसतात एवढीच काय ती त्याची प्रतिष्ठा. सभापतीला खाते नसते, निधी नसतो, फायलीवर सही करून काम मंजूर करण्याचा अधिकार नसतो. अशा आसनावरच्या माणसाने राज्यातील एका मोठ्या आर्थिक कार्यक्रमाला जन्म द्यावा, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

सुरुवात अगदी लहान होती. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, पागे यांनी एक प्रयोग केला. गावात किती माणसे काम मागतात, त्यांना वर्षाचे किती दिवस काम नसते आणि गावाच्या उपयोगाचे कोणते काम त्यांच्याकडून करून घेता येईल, हा त्याचा गाभा. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना त्यांनी ही कल्पना पटवून दिली. दुष्काळ पडला की सरकारने खडी फोडण्याची कामे काढावीत ही रीत ब्रिटिश अमदानीतील दुष्काळसंहितेपासून चालत आलेली होती. पागे यांचे म्हणणे निराळे होते. कोरडवाहू शेतमजुराच्या घरी दुष्काळ दरवर्षी येतो, फक्त तो जाहीर होत नाही. तेव्हा काम मिळणे हे जिल्हाधिकाऱ्याच्या घोषणेवर नव्हे, तर मजुराच्या मागणीवर अवलंबून असावे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्या योजनेची खरी युक्ती इथेच आहे. गरीब कोण हे ठरविण्यासाठी तिला याद्या लागत नाहीत, दाखले लागत नाहीत. उन्हात माती उपसण्याचे काम आणि त्याची बेताची मजुरी, एवढ्यासाठी सुखवस्तू माणूस रांगेत उभा राहत नाही. ज्याला गरज आहे तोच येतो. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या विवेचनात ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून रोजगार पुरविण्याचाच मार्ग सांगितला होता. एक तासगावच्या शिवारातून निघालेला, दुसरे आकडेवारीतून. पोहोचले जवळजवळ एकाच ठिकाणी.

१९७२ साली योजना राज्यभर जाहीर झाली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. मग हमी बाजूला राहिली. सारी यंत्रणा दुष्काळी कामांत गुंतली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी, म्हणजे दर दहा माणसांतील एक. मिलो आणि सुकडीवर काढलेले ते दिवस आठवणारी माणसे आजही आपल्यात आहेत. त्या अनुभवाने एक शंका मात्र निकालात काढली : इतक्या लोकांना काम देणे सरकारी यंत्रणेला झेपणारच नाही, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. शहरातल्या नोकरदारावर आणि व्यावसायिकावर कर, मोटारवाहनांवर आणि विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, आणि ह्या साऱ्या उत्पन्नाइतकीच रक्कम शासनाची, अशी तरतूद झाली. शहराने खेड्याला पोसायचे का, अशी कुरकुर झालीच. उलट बड्या शेतकऱ्याला मजुरी वाढेल ही धास्ती होती. पण बांधबंदिस्तीचा आणि पाझर तलावाचा लाभ त्याच्याच विहिरीला मिळणार होता, म्हणून तोही फारसा आडवा गेला नाही. ह्या हिशेबातले राजकारण पागे यांना पुरते उमगलेले होते. त्यांना नुसते भाबडे सर्वोदयी समजणे ही त्यांच्यावर अन्यायाची गोष्ट होईल.

१९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत कामाचा हक्क आहे, पण त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. इथे तो एका राज्याने कायद्यात आणला. १९७५ ते १९७९ ह्या चार वर्षांत महाराष्ट्राने चार मुख्यमंत्री पाहिले. एकानेही ही योजना मोडली नाही.

दोष नव्हते असे नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, अर्धवट सोडलेले रस्ते पहिल्या पावसात वाहून गेले. भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. काम दिले नाही हे कागदावर कबूल करणारा अधिकारी मिळणार कुठून? १९८८ साली किमान वेतन वाढल्याने योजनेवरील मजुरीचा दर जवळजवळ दुप्पट झाला आणि त्यानंतर कामावरील उपस्थिती घसरत गेली. जास्त मजुरी देऊन पूर्वीइतक्याच लोकांना काम द्यायचे तर खर्च वाढणार. तो टाळण्यासाठी नवी कामे काढण्यातच हात आखडता घेतला गेला, असा ह्या विषयाच्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. मागेल त्याला काम ही अट कायद्यात तशीच राहिली आणि प्रत्यक्षात ती काम असेल तर काम अशी झाली. पगारदाराकडून कर मात्र बिनचूक वसूल होत राहिला.

तरीही कामावर सर्वांत मोठ्या संख्येने आल्या त्या स्त्रिया. केलेल्या कामाच्या मापावर मजुरी असल्याने बाईची मजुरी कमी हा शेतातला नियम तिथे चालला नाही. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, भूमिहीन अशा कितीतरी जणींच्या हाती स्वतःच्या नावावरचा पैसा आला तो ह्या कामांवरच.

पागे १९९० साली वारले. त्याच वर्षी राज्याने ह्या योजनेला फळबागांची जोड दिली. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राच्या अनुभवाकडे पाहूनच. पण त्यात एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अशी मर्यादा घातली होती. पागे यांच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती.