रबराच्या झाडाची जखम जपणारे हेन्री रिडले

ऊस तोडला तरी त्याच्या बुंध्यातून खोडवा पुन्हा फुटतो, हे मॉरिशसमधील आपल्या मराठी कुटुंबांना शिकवावे लागत नाही. परंतु उभ्या झाडाला वर्षानुवर्षे छेद द्यायचे आणि तरीही ते जगवायचे, ही विद्या सिंगापूरमध्ये सिद्ध झाली. ती सिद्ध करणाऱ्या हेन्री निकोलस रिडले यांचा परिचय आज आम्ही करून देत आहोत.

रिडले यांचा जन्म १८५५ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम केले. १८८८ साली ते सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक म्हणून आले. तेथे रबराची झाडे अगोदरच उभी होती. ब्राझीलमधून लंडनला नेलेल्या बियांची २२ रोपे १८७७ साली सिंगापूरला पोचली होती. झाडे वाढली, पण त्यांचे करायचे काय, हे कोणास ठाऊक नव्हते.

ब्राझीलच्या जंगलात लोक कुऱ्हाडीने खोडावर घाव घालून चीक काढीत. घाव सालीच्या आतील कोवळ्या थरापर्यंत जाई. नवी साल ह्याच थरातून येते. तो दुखावला की खोडावर गाठी येत, झाड खंगत जाई. रिडले यांनी निराळा मार्ग धरला. धारदार सुरीने सालीची पातळ कात्रण तिरकस काढायची आणि कोवळ्या थराला धक्का लावायचा नाही. पुढच्या खेपेस त्याच छेदाची खालची कड किंचित तासायची. माशाच्या काट्यासारखे दिसणारे हे छेद दिले असता चीक अधिक येऊ लागला आणि सोललेल्या जागी काही वर्षांत नवी साल धरू लागली. झाडातील पाण्याचा दाब पहाटे अधिक असतो, म्हणून चीकही पहाटेच काढणे चांगले.

एवढे झाले तरी मळेवाले ऐकेनात. त्यांचा भरवसा कॉफीवर होता. रिडले खिशात रबराच्या बिया घेऊन हिंडत, म्हणून लोक त्यांना वेडा रिडले म्हणत. पुढे कॉफीचे भाव कोसळले, पिकावर कीड पडली. मलाक्क्याचे चिनी मळेवाले टॅन चे यान यांनी १८९६ च्या सुमारास रबराची लागवड केली आणि वारे फिरले. १९२० च्या सुमारास जगातील जवळजवळ निम्मे रबर मलायातून येत होते.

ह्या भरभराटीची दुसरी बाजूही आम्ही सांगितली पाहिजे. मळ्यांवर पहाटे सुरी चालविणारे हात बहुतांशी दक्षिण भारतातून आणलेल्या तामिळ मजुरांचे होते. झाडाच्या जखमेला जी विश्रांती मिळे, ती त्या मजुरांच्या वाट्याला क्वचितच आली. आपल्या वाडवडिलांनी उसाच्या मळ्यांत जे सोसले, त्याचेच हे भावंड.

रिडले १९१२ साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. मलायाच्या वनस्पतींवर त्यांनी पाच खंड लिहिले. वयाची शंभर वर्षे पुरी करून १९५६ साली ते निवर्तले. २०१५ साली सिंगापूरचे ते उद्यान जागतिक वारसा ठरले.

पीक कोणतेही असो, घ्यावे तेवढेच की जे ते पुन्हा भरून काढू शकेल. रिडले यांच्या आयुष्यातून आम्ही घेतलेला बोध हाच.