रोझेलची मावशी : आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातील एक घर

आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी वाचकाच्या स्मरणात गोपाळरावांच्या नावाशी जोडूनच येते. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने ही जोडी शीर्षकातच पक्की केली आणि २०१९ च्या चित्रपटानेही तेच शीर्षक घेतले. विक्षिप्त, हेकट, परंतु काळाच्या पुढे पाहणारा पती आणि त्याने घडविलेली पत्नी, या चौकटीत हे चरित्र इतके सहज बसते की त्यातील तिसऱ्या व्यक्तीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ही व्यक्ती म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावच्या थिओडोसिया कार्पेंटर. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. परदेशी शिकावयास गेलेल्या या मराठी मुलीला जे घर लाभले, ते समजून घेतल्यावाचून तिच्या अल्प आयुष्याचा उत्तरार्ध नीटसा उलगडत नाही.

माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा, घराणे कल्याणच्या जोशांचे. एके काळी सुस्थितीत असलेल्या या घराला उतरती कळा लागली होती. आई कडक शिस्तीची होती आणि मुलीवर तिचा हात सहज उठे. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न वयाने बऱ्याच मोठ्या अशा बिजवराशी झाले आणि तिची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. बायकोला आपण शिकवू, ही त्यांची लग्नाआधीचीच अट होती. या अटीचे मराठी वाङ्मयात पुष्कळ कौतुक झाले आहे व ते अस्थानीही नाही. परंतु हे शिक्षण मारहाणीसकट झाले, ही गोष्ट आनंदीबाईंनी पुढे पतीलाच लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवली आहे. माहेरी आईचा धाक आणि सासरी शिक्षक झालेल्या नवऱ्याचा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. वैद्यकाच्या शिक्षणाचा निश्चय या मृत्यूतून झाला असे सामान्यतः मानले जाते.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी साहाय्य मागणारे पत्र रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पाठविले. उत्तर सरळ होते : मदत हवी असेल तर ख्रिस्ती व्हावे. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. १८८० मध्ये त्याचा एक अंक एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात कार्पेंटरबाईंच्या हाती पडला. दाताच्या दुखण्यासाठी गेलेल्या बाईने तेथे पडलेले जुने धार्मिक मासिक चाळावे आणि त्यातून एका मराठी मुलीचे आयुष्य वळण घ्यावे, हा प्रसंग कादंबरीकाराने कल्पिला असता तर समीक्षकांनी त्याला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते. कार्पेंटरबाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. तथापि वाइल्डर यांनी घातलेली अट त्यांनी घातली नाही. त्यांनी पत्र लिहिले आणि आपले घर देऊ केले.

त्यानंतर तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा संसार हलत होता, आणि आनंदीबाईंची प्रकृती त्या वयातच ढासळू लागली होती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा. कार्पेंटरबाईंनी समुद्रापलीकडून औषधे पाठविली. त्यांचा गुण आला नाही. परंतु आजारपणात औषध पाठविणारे माणूस परके राहत नाही. पत्रांतून आनंदीबाई आपल्या समाजाच्या चालीरीती समजावून सांगत, बालविवाहासारख्या विषयावर मतभेदही मांडीत. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी शिकून मिळविलेल्या इंग्रजीत एका प्रौढ स्त्रीशी वाद घालू शकते, हे तिला स्वतःलाच या पत्रांतून प्रथम कळले असावे.

येथे नात्याच्या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. इंग्रजीतील आंट हा शब्द आत्या, काकू, मामी आणि मावशी या चौघींना एकाच पंगतीला बसवितो. मराठीत त्यांच्यात मोठे अंतर आहे. आत्या आणि काकू या बापाच्या घरच्या. त्यांना मानही असतो आणि मुलीवर अधिकारही. मावशी आईच्या बाजूची. तिच्याकडे जाणे म्हणजे कोणाच्या सत्तेखाली जाणे नव्हे. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण मराठी घरांत उगाच रुळली नाही. ज्या मुलीला आईचा मारच अधिक आठवत होता, तिने दूरदेशीच्या बाईसाठी निवडलेले नाते इंग्रजी पत्रात लिहिताना साधे वाटते; मराठीत आणून पाहिले की त्याचे वजन कळते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपल्या जाण्याचे समर्थन करणारे इंग्रजी भाषण केले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्याचा आशय होता. दागिने विकून पैसा उभा केला गेला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्या जहाजात बसल्या. सोबत पती नव्हता, ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घेण्यासाठी उभ्या होत्या. वय अठरा.

रोझेलमधील तो उन्हाळा आनंदीबाईंच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत निवांत काळ होय. घरात मुली होत्या. पाहुणीचे सोवळेओवळे आणि शाकाहार यांना तेथे मुभा होती. धर्मांतरासाठी कोणी मागे लागले नाही. ज्या घराचा धर्म वेगळा, त्याच घराने तिचा धर्म तिच्याकडे राहू दिला आणि ज्यांनी तो बदलण्याची अट घातली होती त्यांच्याहून अधिक काही तिला दिले. आनंदीबाईही केवळ आश्रित म्हणून राहिल्या नाहीत. घरातील मंडळींना त्या आपल्याकडील रीतिभाती, पोशाख, जेवणखाण यांची ओळख करून देत राहिल्या. पाहुणचाराचे ऋण फेडण्याचे तेवढेच साधन त्यांच्यापाशी होते.

शरद ऋतूत कार्पेंटरबाई त्यांना फिलाडेल्फियाला घेऊन गेल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. रोझेलचे घर आता सुट्टीपुरते उरले. थंडी, अपुरे अन्न, अभ्यासाचा ताण यांनी जे व्हावयाचे ते झाले. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, ते त्या हवेलाही सोसवेना आणि तेथील सभ्यतेलाही. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास आरंभ केला व तसे पतीला कळविले. गोपाळरावांच्या पत्रांतून संशय आणि बोचरे शब्द येत राहिले. पत्नीने समुद्र ओलांडावा म्हणून जगाशी भांडलेल्या माणसाला तिच्या नेसण्यातला एवढा बदल खुपावा, यातच त्यांचा स्वभाव आला. आनंदीबाईंची उत्तरे मात्र पूर्वीच्या विद्यार्थिनीची नाहीत. त्यांत नम्रता आहे, पण झालेल्या गोष्टींची नावे घेण्याचे धैर्यही आहे. हे धैर्य त्यांना पुस्तकी शिक्षणातून आले असे म्हणता येत नाही. घरात कोणी हात उगारीत नाही असे दिवस एकदा अनुभवल्यानंतरच माणूस मागच्या दिवसांविषयी असे लिहू शकतो.

ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र सुप्रसिद्ध आहे : जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि साडी नेसलेल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशी वेषात. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा होता. दहा दिवसांच्या मुलाची आठवण त्या विषयात नव्हती असे कसे म्हणावे? पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळराव त्याआधीच अमेरिकेत येऊन पोहोचले होते आणि व्याख्यानांतून अमेरिकन समाजावर व ख्रिस्ती धर्मावर झोड उठवीत होते. यजमानांची यामुळे किती पंचाईत झाली असेल याची कल्पना करता येते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची नेमणूक हाती होती. ती स्वीकारण्याइतके आयुष्य नव्हते. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिन्याहून थोडे अधिक दिवस उरले होते. एकाही रुग्णावर स्वदेशी उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन चरित्रे निघाली. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनला प्रसिद्ध झाले. त्याच्या उपशीर्षकात आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग म्हणून करून दिली आहे. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १८८९ चे. पहिल्यात कार्पेंटरांच्या घरात वावरणारी मुलगी ठळक आहे, दुसऱ्यात गोपाळरावांशी पत्रांतून झुंजणारी पत्नी. काशीबाईंनी ती पत्रे जपली हे मराठी वाङ्मयावर मोठे उपकार आहेत, कारण त्यांच्यावाचून आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज कानी पडला नसता. तथापि तौलनिक अभ्यासकाने ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावीत. मराठी परंपरेने पुढे दुसरीच वाट धरली आणि रोझेलची मावशी एका उपकथानकापुरती उरली.

गोपाळरावांनी मात्र या मावशीचा हक्क ओळखला. पत्नीच्या अस्थी त्यांनी कोणत्या तीर्थात सोडल्या असत्या तर कोणी नवल केले नसते. त्या त्यांनी समुद्रापार कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या माणसांच्या शेजारी आनंदीबाईंचा दगड उभा आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद त्यावर कोरलेली आहे आणि नाव जोशी असेच आहे.