विल्सन कॉलेजातला नास्तिक

आमच्या राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूला विल्सन म्हटले की धरण आठवते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले. मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर मात्र निराळ्याच विल्सनचे नाव झळकते. ते रेव्हरंड जॉन विल्सन, स्कॉटिश मिशनरी. त्यांच्या नावाच्या कॉलेजातून १९२५ साली गणिताच्या एका प्राध्यापकाला बाहेर पडावे लागले. त्या प्राध्यापकाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. देव मानणारा ख्रिस्ती आणि देव न मानणारा माणूस यांचे बोलणे कुठे जुळते आणि कुठे तुटते, असा विचार मनात आला की मला हे आयुष्य आठवते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. वडील धोंडो केशव, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे. १८९१ मध्ये आई राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, अण्णासाहेबांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. गोदूबाई शिकल्या त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनातल्या मुलींचे धर्मांतर होते, या शंकेने त्याच वर्षी पुण्यात केवढे वादळ उठले होते! पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. पण गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. तिथे वाचायला-लिहायला शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि आनंदीबाई होऊन कर्व्यांच्या घरात आल्या. पुढे कट्टर नास्तिक म्हणून गाजलेल्या या मुलाच्या घराला एका ख्रिस्ती बाईच्या कामाचा असा हातभार लागला होता.

घरात दुसराही वारा होता. अण्णासाहेबांच्या आधाराने शिकलेले त्यांच्या नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. तेही उघड बुद्धिवादी. त्यांचे कॉलेज मात्र सेंट जॉनच्या नावाचे! गणित सोडवताना देवाची साक्ष काढावी लागत नाही, म्हणून श्रद्धावंत आणि नास्तिक एकाच वर्गात सुखाने बसू शकतात. र. धों. स्वतः १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, गणिताचे प्राध्यापक झाले, अधिक शिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. दर वर्षाआड बाळंत होणाऱ्या, रक्त आटलेल्या बायका त्या काळी घरोघर होत्या. मूल हवे की नको आणि कधी हवे, हे त्या बाईला ठरवता आले पाहिजे, हे रघुनाथरावांचे साधे म्हणणे. १९२३ मध्ये त्यावर पुस्तकही निघाले. कॉलेजच्या चालकांना हे पटणारे नव्हते. प्रचार थांबवा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला आणि त्यांनी नोकरी सोडली.

मला विचार करायला लावते ते इथेच. ठिणगी पडली ती देव आहे की नाही या प्रश्नावर पडलीच नाही. ती पडली बाईचे शरीर, संसार आणि नीती यांवरून. जॉन विल्सन यांनी तर १८३० च्या सुमारास मुंबईत हिंदू पंडितांशी जाहीर वाद घातले होते. त्यांच्या नावाच्या कॉलेजात मात्र निकाल लागला तो राजीनाम्याने. दुर्दैव असे की अडलेली बाई मिशनच्या दवाखान्यालाही दिसत होती आणि कर्व्यांनाही. दोघांची कळकळ एकाच रुग्णासाठी होती, फक्त उपाय वेगळे.

आणि सगळे ख्रिस्ती एका मताचे होते असेही नाही. १९३० मध्ये अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने काही अटींवर संततिनियमनाला वाट मोकळी केली. त्याच वर्षी डिसेंबरात पोपने मात्र कृत्रिम साधनांचा निषेध केला. म्हणजे हा वाद चर्चच्या आतही चालू होता. नास्तिकाने सगळ्या धर्मवाल्यांना एकाच दावणीला बांधू नये, आणि धर्मवाल्यानेही नास्तिक म्हणजे नीती सोडलेला माणूस असे समजू नये.

कर्व्यांची नीती तर फार कडक होती. पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी ठरवून मूल होऊ दिले नाही. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतः करायचे, हा त्यांचा नेम. जुलै १९२७ पासून त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालवले. पैसा नव्हता, शिव्या भरपूर होत्या. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, मासिक थांबले नाही. आणि त्यांना कोर्टात खेचणारे, त्यांच्यावर तुटून पडणारे बहुतेक आपलेच सनातनी होते, हेही विसरू नये. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, र. धों. गेले.

आमच्या नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मिशनचे काम चालले. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या ख्रिस्ती गृहस्थांनी १९४७ मध्ये काढलेल्या अहमदनगर कॉलेजात सर्व जातिधर्मांची मुले शिकत आली आहेत. अशा जिल्ह्यात आज एकाच घरात प्रार्थना करणारी आजी आणि देव न मानणारा नातू असतात. त्यांनी बोलावे कसे? देवापासून सुरुवात केली तर बोलणे बहुधा भांडणावर जाईल. समोरच्या दुखणाईत माणसासाठी काय करायचे, इथून सुरुवात केली तर निदान एकत्र बसणे तरी होईल. ती बैठक १९२५ मध्ये मोडली आणि त्याची किंमत त्या बायकांनी मोजली, ज्यांना कुणी काही विचारलेच नव्हते.